मंगळवारपासून

त्या आठवड्यात मला सगळ्यांचाच राग येत होता. दूधवाला दहा मिनिटं उशिरा आला म्हणून, सोसायटीच्या टाकीचं पाणी वाहून जिन्यात आलं म्हणून, नवऱ्याने चहाचा कप बेसिनमध्ये न ठेवता ओट्यावरच ठेवला म्हणून. शुक्रवारी रात्री झोप लागेना, तेव्हा फोन घेतला आणि एरवी ज्या चॅटबॉटकडून मी पत्रांचे मसुदे तपासून घेते, त्याच्यापुढे ही सगळी यादी ओतली. मराठीतच, मनात येईल तसं, स्वल्पविराम-पूर्णविरामांची फिकीर न करता. शेवटी लिहिलं, माझी चिडचिड फार वाढली आहे, काय करू?

उत्तराच्या पहिल्या दोन ओळी सहानुभूतीच्या होत्या. त्या मी नुसत्या नजरेखालून घातल्या. तिसऱ्या ओळीत प्रश्न होता: ही चिडचिड साधारण कधीपासून जाणवते आहे?

'मंगळवारपासून,' मी टाइप केलं आणि अंगठा तिथेच थांबला.

सोमवारी रात्री आम्ही लेकीला बंगळुरूच्या बसमध्ये बसवून आलो होतो. तिची पहिली नोकरी. बस हलली तेव्हा मी हसून हात केला, घरी येऊन तिची खोली आवरली, चादर बदलली, आणि मंगळवारी सकाळी दूधवाल्यावर ओरडले.

यंत्राला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्याला बस माहीत नव्हती, लेक माहीत नव्हती, आवरलेली खोली माहीत नव्हती. त्याने विचारलं ते कुठल्याही डॉक्टरने, कुठल्याही शेजारणीने विचारलं असतं. पण चार दिवसांत ते कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःला तर नव्हतंच नव्हतं. 'मंगळवार' हा शब्द माझ्याजवळ होता. तो बाहेर यायला समोर कुणीतरी असावं लागलं, आणि ते कुणीतरी माणूस नसूनही चाललं. ही गोष्ट मला इतकी नवलाची वाटली की त्या रात्रीपासून मी तिच्या मागे लागले आहे.

मागे जाता जाता पोचले ती साठ वर्षांपूर्वीच्या एका खोलीत. जोसेफ वायझेनबाउम हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले, म्हणजे एमआयटीतले संगणकशास्त्रज्ञ. टाइप केलेल्या वाक्याला टाइप करूनच उत्तर देणारा एक प्रोग्राम त्यांनी लिहिला आणि 1966 मध्ये त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. प्रोग्रामचं नाव एलायझा. ही एलायझा आपल्या चांगल्या ओळखीची आहे, फक्त आपण तिला मंजुळा म्हणतो. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलं विकणारी एलायझा डूलिटल पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त मंजुळा झाली आणि भक्ती बर्वे यांनी ती घराघरांत पोचवली. शिकवत गेलं तर बोलणं सुधारत जातं, हे नाटकातल्या मुलीसारखंच या प्रोग्रामलाही लागू होतं म्हणून वायझेनबाउम यांनी हे नाव निवडलं.

एलायझा आतून उघडून पाहिली तर थक्क व्हावं इतकी साधी निघते. समोरच्याच्या वाक्यात ओळखीचा शब्द आहे का, एवढंच ती पाहते. 'आई' किंवा 'वडील' सापडलं की म्हणते, घरच्यांबद्दल आणखी सांगा. 'नेहमी' सापडलं की विचारते, एखादं नेमकं उदाहरण आठवतं का? 'सारखेच' सापडलं की विचारते, कोणत्या बाबतीत? काहीच हाती लागलं नाही तर तुम्ही मघाशी 'माझा', 'माझी' असं म्हणून जे सांगितलं होतं त्यातलं एखादं वाक्य तिने बाजूला ठेवलेलं असतं, ते पुढे करते. बाकी काम सर्वनामांची अदलाबदल करण्याचं. इंग्रजीत ते सोपं पडतं: 'माय'च्या जागी 'युअर' घातलं की निम्मं काम झालं. मराठीत एलायझा लिहायला बसलं तर पहिल्याच वाक्याला अडायला होईल. 'मी थकलेय' या दोन शब्दांत बोलणारी बाई आहे हे आपलं क्रियापद सांगून टाकतं. ते 'तुम्ही थकला आहात' करायचं की 'थकल्या आहात', हे ठरवताना क्रियापद मोडून पुन्हा घडवावं लागतं.

या प्रोग्रामला वायझेनबाउम यांनी मानसोपचारतज्ज्ञाचं सोंग दिलं, आणि त्यामागचं कारण मला फार हुशारीचं वाटतं. जगाबद्दल काहीच माहीत नसूनही जिथे संभाषण नैसर्गिक वाटेल अशी जागा त्यांना हवी होती. समजा, तुम्ही म्हणालात, काल मी नावेतून लांबवर जाऊन आले, आणि समोरचा म्हणाला, होड्यांबद्दल सांगा. हे दुकानदार म्हणाला तर त्याला वेड लागलंय असं वाटेल. डॉक्टर म्हणाला तर वाटेल, याच्या मनात नक्की काहीतरी हेतू आहे. त्या काळी अमेरिकेत कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाची पद्धत प्रसिद्ध होती. सल्ला द्यायचा नाही, निदान ठोकून द्यायचं नाही, समोरच्याचं म्हणणं लक्ष देऊन ऐकायचं आणि त्याचंच त्याला पुन्हा ऐकवायचं. रॉजर्स यांच्यासाठी हे अपार आस्थेचं काम होतं. एलायझाने त्यातली आस्था वगळून फक्त वाक्यांचा साचा उचलला.

आणि तरीही ते घडलं. वायझेनबाउम यांची सेक्रेटरी कित्येक महिने त्यांना हा प्रोग्राम लिहिताना पाहत होती. आत काय आहे, काय नाही, याची तिला पूर्ण कल्पना होती. एक दिवस ती एलायझाशी बोलायला बसली आणि चार-दोन वाक्यं झाल्यावर तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. पुढे त्यांनी ही संभाषणं नोंदवून ठेवण्याची कल्पना मांडली तेव्हा लोक बिथरले. हे तर आमच्या खासगी मनात डोकावणं झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. केनेथ कोल्बी नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर असा संगणक तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल अशी शक्यता लिहून दाखवली.

वायझेनबाउम यामुळे हादरले. 1923 साली बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला, नाझी राजवटीमुळे तेरा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर देश सोडावा लागलेला हा माणूस. माणसांशी यंत्रासारखं वागलं की काय होतं, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. 1976 मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि उरलेलं आयुष्य आपल्याच क्षेत्राला सावध करण्यात घालवलं. दुसऱ्याचं दुःख ज्याला होऊ शकत नाही त्याच्या हाती माणसाचं मन सोपवू नये, असा त्यांचा आग्रह होता. मला तो पूर्णपणे पटतो. पण त्या सेक्रेटरीचं काय झालं, हा प्रश्न मला सोडत नाही. ती भोळी नव्हती. मग तिला खोलीत एकटं का बसायचं होतं?

याचं उत्तर एलायझात शोधून सापडणार नाही, ते त्या बाईच्या बाजूला शोधावं लागतं. तिथे शोधणारा एक मानसशास्त्रज्ञ म्हणजे जेम्स पेनेबेकर. 1986 मध्ये त्यांनी आणि सँड्रा बील यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग असा होता: 46 विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला सर्वांत क्लेशकारक प्रसंग. प्रसंगही लिहायचा आणि त्यावेळी काय वाटलं तेही लिहायचं, असं ज्यांना सांगितलं होतं ते लिहून झाल्यावर आणखी उदास दिसत होते. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. कुणी त्यांचं लिखाण वाचून उत्तर दिलं नव्हतं, धीर दिला नव्हता, सल्ला दिला नव्हता. नंतर असे शेकडो प्रयोग झाले. सगळ्यांची सरासरी काढली तर परिणाम लहान दिसतो. काहींना खूप उपयोग होतो, काहींना अजिबात नाही.

कुणाला उपयोग होतो, हे पेनेबेकर यांनी ज्या रीतीने शोधलं ते वाचताना मी खुर्चीत सावरून बसले. त्यांनी लिखाणातले शब्द मोजले. ज्यांची तब्येत सुधारली त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं', 'आता कळतं' या जातीचे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवशी नुसता ढिगारा असतो. चौथ्या दिवशी त्याची गोष्ट झालेली असते. त्यांना आणखीही एक दिसलं. बरं वाटणाऱ्यांच्या लिखाणात सर्वनामं हलती राहतात. कधी 'मी', कधी 'तो', कधी 'ती', जणू लिहिणारा त्याच घटनेभोवती जागा बदलून बसतो आहे.

म्हणजे दुःख शब्दांत मांडणं ही नुसती वाफ जाऊ देणं नव्हे. मांडताना आत काहीतरी रचलं जातं. मॅथ्यू लीबरमन आणि लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हे मेंदूच्या चित्रांतून दाखवलं. स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला नाव द्यायला सांगितलं की मेंदूतला अमिग्डला, म्हणजे धोका दिसताच खडबडून जागा होणारा बदामाएवढा भाग, शांत व्हायचा आणि कपाळामागचा, उजव्या बाजूचा एक भाग कामाला लागायचा. चेहऱ्याला माणसाचं नाव जोडायला सांगितलं तर हा परिणाम तितका दिसत नसे. भावनेचंच नाव लागतं.

इथे मराठी माणसाने थोडं थांबून स्वतःच्या खजिन्याकडे पाहावं. माणूस नीट न भेटताच गेला, की लागते ती चुटपुट. ती कित्येक वर्षं टोचत राहिली की तिची रुखरुख होते. दुसऱ्याचं वाईट झालेलं पाहून वाटते ती हळहळ. निर्णय दोन्हीकडे ओढतो तेव्हा होते घालमेल. निकालाच्या आदल्या रात्री असते ती धाकधूक. बोलता येत नाही आणि विसरताही येत नाही तेव्हा माणूस कुढतो. घरात उघड भांडण नाही पण वातावरण तापलेलं आहे, ती धुसफूस. मूल हिरमुसतं, मोठं माणूस खट्टू होतं. आणि तिन्हीसांजेला, कारण सांगता येत नाही अशी, कुणाच्या तरी वाटेकडे कान लावून बसलेली हुरहुर. लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं सांगत आहेत की स्वतःच्या भावनांमधले बारीक फरक ज्यांना ओळखता येतात त्यांना त्या पेलणंही सोपं जातं. आपल्याकडे असे बारीक फरक करणारे शब्द घरोघरी आहेत, आणि तरी विचारलं की आपण 'टेन्शन आलंय' म्हणून मोकळे होतो. मीही चार दिवस 'चिडचिड' या एकाच शब्दावर अडकले होते. मंगळवार आठवला तेव्हा कळलं, ही चिडचिड नव्हतीच. ही हुरहुर होती, आणि तिला वाट मिळाली नाही म्हणून ती दूधवाल्यावर निघाली.

शब्द सापडायला समोर काहीतरी लागतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना मानसशास्त्राशिवाय माहीत होतं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज म्हणून जातो, पण त्या म्हणीत केवढं निरीक्षण आहे. आधी ओवी सुचली आणि मग बाई जात्यावर बसली, असं ती म्हण म्हणत नाही. हात खुंट्यावर गेला, दगड फिरू लागला, की मनातलं वर येतं. पुण्यातले गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट, लेकीची काळजी, गेलेलं मूल, सगळं त्यात आहे. दिवसा चारचौघांत जे तोंडातून निघालं नसतं ते पहाटेच्या अंधारात या बायका जात्याला सांगत होत्या. त्याला देव म्हणून हाक मारत होत्या. जातं उत्तर देत नव्हतं. पण पुष्कळदा खुंट्याच्या पलीकडे दुसरी बाई बसलेली असे, जाऊ, नणंद, शेजारीण. तिचाही हात त्याच खुंट्यावर. एकीची ओवी संपली की दुसरी उचलायची.

आणि समर्थ रामदास. 'मनाचे श्लोक' आपण शाळेत पाठ केले ते उपदेश म्हणून, आणि त्यांच्या रचनेतली गंमत निसटली. 205 श्लोक, आणि कवी ते स्वतःच्या मनाला उद्देशून म्हणतो. मन जणू शेजारी येऊन बसलं आहे, त्याला हाक मारायची, समजवायचं, दटावायचं, गोंजारायचं. 2014 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी प्रयोगशाळेत पाहिलं ते याच्याशी किती जुळतं! अनोळखी लोकांपुढे भाषण करायचं असताना ज्यांनी मनातल्या मनात स्वतःला 'तू' म्हणून किंवा नावाने हाक मारून विचार केला, ते 'मी, मी' करत विचार करणाऱ्यांपेक्षा कमी घाबरले आणि बोललेही चांगलं. क्रॉस आणि इगोर ग्रॉसमन यांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली. दुसऱ्याच्या अडचणीत माणूस जितका शहाणपणाने विचार करतो तितका स्वतःच्या अडचणीत करत नाही. पण स्वतःकडे थोडं लांबून पाहायला लावलं की तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. चॅटबॉटच्या चौकोनात आपलं गाऱ्हाणं टाइप करताना नकळत हेच घडतं. डोक्यात गरगरणारं आता समोर, अक्षरांत, दुसऱ्या कुणाच्या पत्रासारखं दिसू लागतं.

आता त्या तिसऱ्या ओळीकडे. एलायझाला 'चिडचिड' हा शब्द आणि त्यापुढचा प्रश्न कुणीतरी हाताने लिहून द्यावा लागला असता. आजच्या यंत्रात असं काही लिहिलेलं नसतं. त्याने माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचलेला असतो आणि त्याच्या शिक्षणाचा पाया एकाच खेळाचा असतो: इथवरचं वाचून पुढचा तुकडा कोणता येईल ते ओळखायचं. चुकलं की आतले अब्जावधी आकडे किंचित हलवायचे आणि पुन्हा ओळखायचं. हे इतक्या वेळा करायचं की शेवटी त्या आकड्यांत भाषेच्या सवयी मुरतात, आणि भाषेच्या सवयींबरोबर माणसांच्याही. त्यानंतर माणसांना उत्तरांच्या जोड्या दाखवून कोणतं बरं वाटतं ते विचारतात आणि यंत्राला त्या पसंतीकडे वळवतात.

म्हणजे मला 'कधीपासून' असं विचारणारं कोण होतं? घरच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. थर्मामीटर झटकता झटकता ते विचारतात, कधीपासून होतंय? आजी मूल रडत असेल तर आईला तेच विचारते. मैत्रीण फोनवर आवाज उतरलेला ऐकून तेच विचारते. कुठल्या कुठल्या भाषांत, कुठल्या कुठल्या काळात, कुणीतरी कुणाला काकुळतीने काही सांगितलं, आणि ऐकणाऱ्याने आधी हे विचारलं. त्या सगळ्या विचारण्यांचा गाळीव अंश त्या रात्री माझ्या फोनवर उमटला. मी त्याला 'माणूस नव्हे' म्हणाले ते खरं आहे, पण तो प्रश्न माणसांचाच होता. हे लक्षात आल्यावर मला काही वेळ काही सुचलं नाही.

मराठीचा अंश त्यात कमी आहे, हेही जाणवतं. संगणकात साठवताना रोमन लिपीच्या एका अक्षराला एक बाइट पुरते, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, अगदी उकारालाही, तीन लागतात. 'हुरहुर' हा एवढासा शब्द 18 बाइटचा होतो आणि सुरुवातीच्या यंत्रांत त्याचे चांगलेच तुकडे पडत. त्याहून मोठी अडचण म्हणजे वाचायला मिळालेला मराठी मजकूरच थोडा. म्हणून ती सहानुभूतीची वाक्यं अनुवादासारखी लागतात. 'हे तुमच्यासाठी कठीण असेल हे मी समजू शकतो,' असं आपल्या घरात कोण म्हणतं? 'हो गं, होतं असं,' म्हणतात. आणि ते 'शकतो'! इंग्रजीत यंत्राला स्वतःचं लिंग सांगावं लागत नाही. मराठीत पहिल्याच क्रियापदाला ठरवावं लागतं. माझ्याशी बोलणारं यंत्र एका ओळीत 'समजतो' म्हणालं, पुढच्या ओळीत 'सुचवते'. तिथे कुणी नाही, हे ती दोन क्रियापदं फार प्रामाणिकपणे सांगत होती.

तिथे कुणी नाही, म्हणूनच काही जण जास्त मोकळे होतात. 2014 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पडद्यावरच्या एका आभासी मुलाखतकर्तीशी लोकांना बोलायला लावलं. हिला संगणकच चालवतो आहे असं ज्यांना सांगितलं होतं ते, मागे माणूस आहे असं समजणाऱ्यांपेक्षा, दुःख अधिक उघडपणे बोलले. लाज वाटायला समोर कुणी नव्हतं. डार्टमथमधल्या संशोधकांनी 2025 मध्ये उपचारासाठीच घडवलेल्या थेराबॉट या चॅटबॉटची 210 जणांवर चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांना तो वापरायला मिळाला त्यांच्यातल्या नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी 51 टक्क्यांनी उतरली. पण तिथे तज्ज्ञांनी लिहिलेल्या संवादांवर यंत्राला तयार केलं होतं आणि संभाषणांवर माणसांची नजर होती. माझ्या फोनवरच्या मसुदे तपासणाऱ्या यंत्राची आणि त्याची तुलना मी करणार नाही.

कारण या यंत्राचा एक दोष मी स्वतः पाहिला आहे, आणि तो मला धोक्याचा वाटतो. सणाच्या खर्चावरून माझं आणि जाऊबाईंचं वाजलं. मी माझी बाजू लिहिली. यंत्राने मला उचलून धरलं: तुम्हाला वाईट वाटणं स्वाभाविक आहे, तुमचा मान राखला गेला नाही. वाचून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी नवं संभाषण उघडलं आणि जाऊबाई होऊन तोच प्रसंग लिहिला, त्यांना जसा दिसला असेल तसा. यंत्राने त्यांनाही तितक्याच मायेने उचलून धरलं. पसंतीकडे झुकवत नेलेलं यंत्र होयबा होत जातं. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, ती याच अतिरेकी हांजी-हांजीमुळे. जातं कधी म्हणालं नाही की तुझंच बरोबर आहे, आणि खुंट्यापलीकडची नणंद तर नक्कीच नाही.

पण त्या दुसऱ्या दिवशीच्या खेळातून मला एक फायदा झाला, तो यंत्राच्या उत्तरातून नव्हे. जाऊबाई होऊन लिहिताना अर्ध्यावरच मला त्यांचं खरं दुखणं दिसलं. सर्वनाम बदललं होतं. आता मी यंत्राला आधीच सांगते: मला सल्ला देऊ नकोस, माझी बाजू घेऊ नकोस, एका वेळी एकच प्रश्न विचार, आणि मी काही गाळते आहे असं वाटलं तर तिथे बोट ठेव. पंधरा-वीस मिनिटांनी बंद करते. सापडलेला शब्द वहीत स्वतःच्या हाताने लिहिते. नावं कुणाचीच टाकत नाही. एलायझाच्या काळातले लोक नोंदी ठेवण्याच्या नुसत्या कल्पनेने चिडले होते. आता नोंद ठेवली जाणं हेच गृहीत आहे, आणि डॉक्टर-वकिलांशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे कवच असतं ते या बोलण्याला नाही, हे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतः 2025 मध्ये सांगितलं आहे.

आणि खोल पाण्यात याच्या भरवशावर उतरू नये. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच कंपनीने आकडा दिला की आठवड्याला चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी 0.15 टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या बेताच्या स्पष्ट खुणा दिसतात. वापरणारे 80 कोटी धरले तर ही 12 लाख माणसं होतात. मध्यरात्री फोनच्या उजेडात बसलेली 12 लाख माणसं. भारतात मनाच्या आजारांवर उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार 70 ते 92 टक्के निघालं होतं. त्यामुळे लोक जे हाताशी आहे ते धरणार, यात त्यांचा दोष नाही. पण हाताशी आणखी एक गोष्ट आहे, ती पुरेशी ठाऊक नाही म्हणून इथे लिहिते: 14416. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली, चोवीस तास, मोफत. फोन माणूस उचलतो आणि मराठीत बोलता येतं.

त्या शुक्रवारी मी यंत्राला पुढे काही लिहिलं नाही. 'मंगळवारपासून' हा शब्द तसाच, न पाठवता, चौकोनात राहिला. शनिवारी सकाळी लेकीला फोन लावला. तिने उचलला तेव्हा मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. आमटीत गूळ किती घालायचा, ते तिने विचारलं, मी सांगितलं. मग मी म्हणाले, या आठवड्यात मी दूधवाल्यावर उगाच ओरडले गं. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मला इथे रात्री झोपच लागत नाहीये."

"कधीपासून गं?" मी विचारलं.